शेडनेटखाली मिळवलेला रंग

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे लिहायला बसलो की दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं अवघडायला होतं. त्यात विषय लांबीचा, म्हणजे लाकडातली भोकं बुजवायच्या लगद्याचा. वाचणाऱ्यांनी हा आगाऊपणा पोटात घालावा.

निमगाव केतकीजवळ आमची वस्ती आहे. माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे, डाळिंबाची बाग आहे, विहिरीला पाणी आहे, नोकरी तेवढी नाही. हल्ली मुलीकडचे बागेतून फिरतात, डाळिंबं पिशवीत भरून घेतात आणि निघताना विचारतात, "पण मुलगा करतो काय?" भवानीनगरची मुलगी मात्र दादाला मनापासून आवडली होती, तिलाही तो पसंत होता. आता तिच्या घरच्यांनी आमचं घर बघायचं राहिलं होतं.

चुलत्यांनी ठरवलं, पुढची खोली पुण्याच्या फ्लॅटसारखी दिसली पाहिजे. टीव्हीमागच्या भिंतीला अक्रोडी रंगाचा, कारखान्यातूनच पॉलिश होऊन आलेला प्लाय लावायचा. स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता, पण पाहुणे तिथपर्यंत जाणार नव्हते.

सुतार म्हणाला, "नुसता चिकटवतो." चुलत्यांचा चिकटवण्यावर विश्वास नाही. "म्हशीला दावं लागतं, आन् ह्येला खिळं नगंत व्हय?" त्यांनी वीतवीत अंतरावर खिळे ठोकून घेतले. खिळ्यांची डोकी आत गेली, वर भोकं राहिली. भिंत देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखी दिसायला लागली. सुतार भिगवणच्या कामावर निघून गेला.

"तू शिकलेला हाईस, रंग तूच मिळव," चुलते मला म्हणाले. मी कॉमर्सला आहे, हे सांगून उपयोग नव्हता. बारामतीहून लांबी आणि तिच्यात कालवून प्लायशी जुळवायला रंगाच्या बाटल्या आणल्या. प्लायचा उरलेला तुकडा घेऊन अंगणात बसलो. ऊन अडवायला अंगणावर बागेतलं हिरवं शेडनेट ताणलं होतं. त्याखाली सगळं घर सल्ला द्यायला जमलं.

"आजून काळपट कर," चुलते म्हणाले.

"पावनं काय मयताला येत्यात? तांबूस कर," आत्या म्हणाली.

"गूळ झालाय त्येचा. काकवी पायजे," आजोबा.

"आबा, चष्मा कुठंय तुमचा?" आत्यानं विचारलं.

"बिनचष्म्याचंच तुझी भावजय पसंत केली म्या. वाईट निघाली का?"

चुलती परातीत पीठ मळता मळता म्हणाली, "मलाबी कुठं दिसलं हुतं?"

कितीही तांबडा घातला तरी कमीच वाटायचा. शेवटी तुकड्यावरचा ठिपका ओळखू येईना, तेव्हा चुलते खूश झाले. "कॉलेज वाया न्हाय गेलं!" मग घरातल्या प्रत्येकानं बोटानं भोकं भरली.

दुपारी लांबी वाळली आणि खिडकीतून ऊन आलं. अक्रोडी भिंतीवर विटेच्या रंगाचे ठिपकेच ठिपके उठले होते. हिरव्या जाळीखाली तांबड्याचा अंदाज येत नाही. आमची माणसं डाळिंबाचा रंग बघायचा तर फळ जाळीबाहेर उन्हात नेतात, लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. प्लाय उन्हात न्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही. प्लाय म्हणजे शहरातली वस्तू, तिला बागेचा नियम कसा लावायचा! खरवडायला गेलो तर पॉलिशच निघायला लागलं.

पाहुणे दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. मुलीचे काका चहाची बशी हातात धरून भिंतीपाशी गेले आणि एकेका ठिपक्याला बोट लावत बसले.

"डिझाइन हाय," चुलते म्हणाले.

"व्हय का," काका म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

मी कॉलेजसाठी बारामतीला परतलो. दादा रोज फोन करायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, स्थळाचं नाव काढायचा नाही. मीही विचारायचो नाही. एका संध्याकाळी मेसच्या रांगेत असताना त्याचा फोन आला.

"न्हाय म्हणालं," तो म्हणाला. "म्हंत्यात, घराला वाळवी लागलीय आन् वरनं बुजवलीय. भिंतीचं झाकत्यात, तर पोराचं काय काय झाकलं आसंल."