फुकटचा फिल्टर

गाडीला नवा फिल्टर बसवायची कल्पना माझी नव्हती, माझ्या मित्राची होती. मित्र म्हणजे लहानपणी माझ्या ताटात जेवलेला आणि आता जोयड्यात गॅरेज चालवणारा. त्याची आणि माझी गाडी एकाच बनावटीची, डिझेलवरची, सात माणसं बसणारी. तो तिच्यावर भाडी करायचा. माझी गाडी शेताच्या कामाला असायची, आणि गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की तीच निघायची. आमचं गाव दिग्गीच्या वाटेवर, रानात. फोन लावायचा तर आधी टेकडी चढावी लागते, म्हणून लोक सरळ माझं दार वाजवायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

"कंपनीचा डबा काढून टाकू, हा उघडा फिल्टर घालू. हवा मोकळी मिळाली की चढाला गाडी कशी पळतीया बघ," मित्र म्हणाला. वर "माझ्याकडनं भेट" असंही म्हणाला. फुकट ते पौष्टिक म्हणतात. शिमगा नुकताच झाला होता. मी गॅरेजबाहेर चहा पीत बसलो आणि तो आत बॉनेटखाली वाकला.

काळ्या प्लास्टिकच्या डब्याच्या जागी चकचकीत नळी आली, तिच्या टोकाला लाल फिल्टर. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा एक सेन्सर असतो; तेवढा जुन्या डब्यातून काढून नव्या नळीत बसवायचा असतो. तो त्यानं बसवला. गाडी सुरू केली तर आवाज असा झकास की मी वाटेत दोन ओळखीच्यांना उगाच थांबवून ऐकवला.

थोड्याच दिवसांत गाडीचं नखरे करणं सुरू झालं. उभी असली की इंजिन थरथरायचं. चढाला दम टाकायची आणि मागून काळा धूर सोडायची. मग समोर इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. मी मित्राकडं गेलो. तो म्हणाला, तुमच्या रस्त्याची लाल माती फिल्टरात बसलीया. फिल्टर धुतला. मग म्हणाला, फिल्टरला तेल जास्त झालं. ते पुसलं. मग नळीचे क्लिप आवळले, सांध्यांवर साबणाचं पाणी ओतून कुठं बुडबुडे येतात का ते बघितलं, डिझेलचा फिल्टरही बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शेवटी मी वैतागून म्हणालो, "तुझी भेट तुझ्याकडं ठेव, माझा जुना डबा परत बसव."

"तो काढताना फुटला रे. टाकला कवाच," तो म्हणाला. मी मान डोलावली. असा मी शहाणा.

वैशाखात शेजारच्या मावशीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. मावशीनं माझंच दार वाजवलं. आम्ही निघालो आणि जोयड्याच्या अलीकडच्या चढावर गाडीनं मान टाकली. किल्ली फिरवतोय, धूर निघतोय, मागं ती पोर ओरडतेय आणि मावशी माझ्या पाठीकडं बघतेय. तिची ती नजर मला न वळताही कळत होती. माझ्या आयुष्यात मला इतकं निकामी कधी वाटलं नाही. सोबत आलेला सुनेचा दीर जवळच्या टेकडीवर पळत गेला आणि त्यानं माझ्या मित्राला फोन लावला. मित्र आला. त्याची गाडी तो चढ अशी चढली की बघत राहावं. बाळ आणि बाळंतीण दोघं सुखरूप. "देवावानी आला," मावशी गावभर सांगत सुटली. मीही त्याचे हात धरले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून माझं दार वाजायचं थांबलं. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. लोक टेकडी चढायचे आणि त्याला फोन करायचे.

मी एकटाच गाडीच्या मागं लागलो. जोयड्यात गेलो की मोबाइलवर व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन बॉनेट उघडायचं. त्यातल्या एकानं सांगितलं, हवेच्या सेन्सरची वायर काढून गाडी चालवून बघा. सुधारली तर सेन्सरच खराब. मी वायर काढली. गाडी सुधारली! अगदी पहिल्यासारखी नाही, पण धूर कमी झाला. मित्राला सांगितलं तर तो हसला. "तुझाच जुना हाय तो, वय झालं असंल त्याचं." सेन्सरलाही वय असतं? म्हटलं, असेल.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी नुसत्या स्टिअरिंगला हार घालून भागत नाही. आई बॉनेट उघडायला लावते आणि खोबरेल तेलात कालवलेली हळद आणि कुंकू घेऊन आतल्या एकेका वस्तूला बोट लावते, वर हळद, खाली कुंकू. मागच्या वर्षीचं पुसू देत नाही. तेलकट डाग वर्षानुवर्षं तसेच राहतात. यंदा ती त्या सेन्सरपाशी थांबली.

"ह्येला मी कवा बोट लावल्यालं न्हाई," ती म्हणाली.

"आई, जुनाच आहे तो."

"माझं बोट मला कळत न्हाई व्हय? ही वस्तू आपली न्हवं."

मी वाकून बघितलं. काळं प्लास्टिक, धुळकट, जुनं, पण डाग कुठंच नाही. मी तसाच जोयड्याला गेलो. सणाचा दिवस, गॅरेजसमोर गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांची बॉनेटं पूजेसाठी उघडी. मित्रानं चिरमुऱ्याचा प्रसाद माझ्या हातावर ठेवला. त्याच्या घरी नुसतं गंध लावतात. त्याच्या गाडीत सगळीकडं गंधच होतं, आणि सेन्सरवर गंधाखाली काळपट पडलेले दोन डाग होते, वर पिवळा, खाली लाल. शेजारी काळा डबाही माझाच, त्यावरही तेच डाग. कुठं फुटला नव्हता की तुटला नव्हता.

केसानं गळा कापणं हे मी आजवर नुसतं बोलत आलो होतो. त्या दिवशी ते कळलं.

तो नाकारत बसला नाही, त्याचाच मला जास्त संताप आला. "व्हय, तुझाच हाय. माझा बिघडल्ता, तो तुझ्या गाडीत घातला. भाडी बंद पडली असती."

"मागितला असतास तर दिला असता रे!"

"ते ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा काढला असता तर त्यानं बघितलं असतं. तू माझ्यामागं कधी बघत न्हाईस."

मी प्रसाद त्याच्या बॉनेटवर ठेवला, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि डबा-सेन्सर दोन्ही काढून आणलं. घरी येऊन बसवलं. पिवळा दिवा विझला, धूर गेला, गाडी चढाला पूर्वीसारखी लागली.

चार दिवसांनी मावशीच्या नातवाला ताप आला. माझी गाडी दारात उभी असताना मावशी टेकडीच्या वाटेला लागलेली दिसली. मी पळत जाऊन तिला अडवलं आणि सगळं सांगितलं, सेन्सर, डबा, आईचं बोट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"असंल बाबा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलशील तू? पर त्या दिशी आलं कोण?"

"आधी मीच आलो होतो, मावशी," मी म्हणालो. ती टेकडी चढायला लागली होती.