विहिरीची पहिली ओंजळ
सोसायटीची टाकी धुताना ब्लीचिंग पावडरचा वास आला, की मला बहात्तरच्या दुष्काळातली आमच्या गल्लीतली विहीर आठवते. शेजारच्या विणकर बाईंची, सगळ्यांच्या अम्मांची, मुलगी तिच्यात बुडाली होती. तेव्हापासून विहिरीवर फळ्या ठोकलेल्या होत्या. नळ आटले, टँकरचा भरवसा राहिला नाही, तेव्हा गल्लीनं अम्मांना विचारूनच त्या काढल्या. घरटी एक माणूस गाळ उपसायला उतरला. पावडर टाकली, पाणी निवळू दिलं, तरी घागरी रांगेत रिकाम्याच. "तू भर की." "तुमी भरा आधी." एवढंच चाललं होतं. तेवढ्यात मागावरून उठून अम्मा आल्या. त्यांनी कळशी वर ओढली, ओंजळभर पाणी पिऊन पदरानं तोंड पुसलं. "गोड हाय. भरा की आता, पोरं तहानली असतील," म्हणाल्या आणि परत जाऊन मागावर बसल्या. खटखट सुरू झाली. मी दोर विहिरीत सोडला. रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही. घराला लागणाऱ्या घागरी भरल्या. अजूनही टाकी धुऊन भरली, की पहिला पेला मी पिते आणि मगच घरोघरी पाणी सोडायला सांगते.