मासळी सोडलेली मासेवाली

पनवेलच्या मच्छी मार्केटात आईची जागा ठरलेली. सुरमईचे तुकडे ती न बघता पाडायची. हात कोयत्यावर, तोंड गिऱ्हाइकाशी भांडण्यात. गेल्या वर्षी मात्र गिऱ्हाईकच ओरडलं, "मावशी, बोट कापलंय तुमचं!" पापलेटावर रक्त पसरलेलं आणि आईला पत्ता नाही. बोटं पार बधिर झाली होती.

"दिवसभर हात बर्फात, दुसरं काय!" शेजारच्या बायकांनी निदान करून टाकलं. आईलाही ते पटलं. धंदा सोडून घरी बसायची भाषा ती करू लागली. भांडायला कोणी नसलेली आई मला कल्पनेतही सोसेना. त्यात चालताना तिचा तोल जायचा, पायांना मुंग्या यायच्या.

"पाय पण बर्फात घालून बसतेस का?" असं म्हणत मी तिला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. जीभ बघितली, ती लाल आणि गुळगुळीत. रक्त तपासलं, तर बी-१२ तळाला गेलेलं. त्या चक्रावल्या. "मासे विकता ना तुम्ही? खाता की नाही?"

आई म्हणाली, "मी इकते. खात नाय."

मासेवालीला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. मला मात्र ठाऊक होतं, कारण नवस माझ्याच नावाचा होता. लग्नानंतर मला मूल होईना, तेव्हा आईने देवीसमोर मासळी, मटण, अंडी सगळं सोडलं, माझी कूस उजवेपर्यंत. दुधाचा तिला पहिल्यापासून तिटकारा, चहासुद्धा कोरा. उरलं काय, तर भात, डाळ, भाजी.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे जीवनसत्त्व रक्ताला आणि नसांना लागतं आणि भाजीभाकरीत ते जवळजवळ नसतंच. शरीरात साठा असतो, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. इंजेक्शनं सुरू केली की नसा सावरतील, पण वेळ लागेल. नवस मोडायची सक्ती त्यांनी केली नाही. मला त्या फार आवडल्या.

इंजेक्शनं लागू पडली. हळूहळू मुंग्या कमी झाल्या, आई पुन्हा मार्केटात बसून भांडू लागली. एका रविवारी मी माहेरी गेले आणि मनातलं बोलून टाकलं.

"आई, आता सोड तो नवस. आम्ही दोघांनी मुलाचा विचार कधीच सोडलाय. मला त्याचं दुःख राहिलेलं नाही."

तिने माझी हनुवटी धरून वर केली. "खरा सांग. तू सुखी हायेस?"

"आहे गं. खरंच आहे."

मला रडू आलं, तिलाही आलं. मग पदराने नाक पुसून ती उठली, देवीपुढे नारळ ठेवला आणि टोपलीतले दोन बांगडे काढले.

"मी देवीकडं काय मागितला होता? पोरीचा सुखच ना? तिनं दिला कवाच. तूच सांगाला उशीर केलास," असं मला झापून ती बांगडे साफ करायला बसली.