बापूंचा निंब

घर मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा त्र्याण्णव साली, नोकरीसाठी. तेव्हा बापू, म्हणजे माझे वडील, स्टेशनवर आले होते आणि गाडी सुटेपर्यंत पाऊसपाण्याचंच बोलत राहिले. दुसऱ्यांदा सोडलं ते त्यांचं तेरावं उरकून. या खेपेला फलाटावर माय एकटीच होती. तिनं खिडकीतून डालड्याचा जुना डबा माझ्या हातात दिला. त्यात कडूनिंबाचं वीतभर रोप. बापूंनी आजारपणात रुजवलेलं.

"आषाढातल्या आवसेला लाव, दिनू. दुपारच्या आत," ती म्हणाली. "तुला तेव्हा यायला जमायचं नाही, माहीत आहे मला."

आमच्या घरची रीत अशी, की माणूस गेलं की पहिल्या दिव्याच्या आवसेला मुलानं त्याच्या नावानं झाड लावायचं आणि बुडाशी कणकेचा दिवा ठेवायचा. मग तो माणूस झाडाशी येऊन बसतो म्हणे, नाहीतर भटकत राहतो. माझा यावर विश्वास आहे का, विचारू नका. मायचा होता, आणि मुलगा मी एकच.

बंगळूरला मी जे. पी. नगरात एका खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालकीण अक्का. त्यांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्या इकडचं, त्यामुळे बोलणं निम्मं कन्नड. अंगणाचा एक कोपरा मोकळा होता. विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. आपलीच माणसं, असं धरून चाललो. आवसेच्या सकाळी कारखान्यातला मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन खड्डा करायला बसलो.

अक्का पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. "काय करतोस रे?"

मी सांगितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं. आमची जी आवस, तीच इकडची भीमन अमावास्या. बायका त्या दिवशी नवऱ्याच्या आयुष्यासाठी त्याची पूजा करतात. महिन्यापूर्वीच हृदयविकारातून वाचलेले त्यांचे यजमान आत पाटावर बसले होते, आणि त्यांच्या दारात मी गेलेल्या माणसासाठी खड्डा खणत होतो.

"बेडा रे, नको. उद्या लाव, हवं तिथं लाव. आज नको. तुझ्या पाया पडते," म्हणत त्या खरंच वाकल्या. मी माती परत लोटली. त्यांचा काय दोष? पण उद्या आवस नव्हती.

डबा पायांत धरून मी लुनावर निघालो. बागेतला माळी "सरी, सरी, नंतर बघू," म्हणाला. देवळातल्या भटजींनी हात जोडले. रस्त्याकडेला लावावं तर गाई. साडेअकरा वाजले तेव्हा मी मारतहळ्ळीच्या बाजूला कुठंतरी भर रस्त्यात उभा राहून रडत होतो, आणि लोक बघत होते त्याचंही काही वाटत नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात बापूंना टेकायला हातभर जागा नव्हती. शेवटी एका मोकळ्या प्लॉटवर, कुंपणाच्या तारेखालून आत शिरून, ते लावलं. दिवा तीनदा विझला. चौथ्यांदा लागला.

तीन महिने रोज पाणी घातलं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मायला गुडघ्याएवढा निंब हातानं दाखवला. परत आलो तर प्लॉटवर पाया खणून झालेला, आणि निंबाच्या जागी सिमेंटची पोती. मजुरांना विचारलं. त्यांना आठवतही नव्हतं.

मायला सांगितलं नाही. फोनवर निंब वाढवत राहिलो. वैशाखात ती म्हणाली, "मी येते, त्याला बघायला."

मी वेड्यासारखं शोधून एक झाड हेरून ठेवलं. मी फोन करायचो त्या बूथच्या मागं, अगदी तसंच. मायनं खोडावर हात फिरवला, एक पान तोडून बघितलं, आणि तांब्यातलं सगळं पाणी बुडाशी ओतलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "हा निंब नाही, बकाण आहे, दिनू. आपला निंब कुठंय?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेव्हाच सांगायचंस रे. वर्षभर मी तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा ठेवून दक्षिणेकडं तोंड करून बसायचे. म्हणायचे, ते तुझ्याकडं आहेत. दोघांशी एकदमच बोलणं व्हायचं."

पुढच्या आषाढात तिनं आमच्या दारातच बापूंसाठी निंब लावला, मुलाची रीत मोडून, स्वतःच्या हातानं. मला कळवलंही नाही. बहिणीच्या पत्रातून समजलं. शकूनं लिहिलं होतं, 'माय आता दिवा निंबाशी ठेवते. उंबऱ्यावर बसत नाही.'

त्या ओळीनंतर मी पत्र पुढं वाचू शकलो नाही. वर्षभर रोज कुणीतरी माझ्या दिशेला तोंड करून बसत होतं, याची किंमत मला ते थांबल्यावर कळली.

आता लग्न झालंय, तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट आहे. जमीन नाहीच. शेजारी विचारतात, नेटिव्ह प्लेस कुठलं? मी गावाचं नाव सांगतो, पण घर म्हणजे आता मला फक्त एक बाजू उरली आहे. आमच्या फ्लॅटला उत्तरेकडं खिडकी नाही, स्वयंपाकघराची भिंत आहे. तिन्हीसांजेला मी तिच्यासमोर उभा राहतो. काय करताय, बायको विचारते. चहा ठेवतोय, म्हणतो, आणि मग ठेवावा लागतो.