भाऊनं लावलेला लाल ठिपका

फोन वहिनीचा होता. "हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी लाखनीत, ती साकोलीत. रडू यायच्या आधी मी विचारत सुटले... रात्रीची गोळी दिली होती का, डॉक्टर कधी आला, छातीत दुखतं असं आधी म्हणाला होता का. आमच्या घरात दुःखाच्या आधी चौकशी येते. गेला तो माझा भाऊ, यशवंतभाऊ. माझ्या जागी तो असता, तर त्यानंही हेच विचारलं असतं, आणि मिळालेल्या उत्तरांवर त्याचा विश्वास बसला नसता.

भाऊ माझ्याहून मोठा, शाळेत मास्तर होता. निवृत्तीनंतर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका करून द्यायचा. एका अक्षराच्या चुकीनं एखाद्या म्हातारीची पेन्शन अडकू नये म्हणून तिचा अर्ज तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा. संशयी होता, पण तो गुण आम्हा दोघांचाही. मी आजही गॅसचं सिलिंडर वजन करून घेतल्याशिवाय घरात येऊ देत नाही. धान भरडायला गिरणीवर नेलं, की पोत्याला लाल दोऱ्याचा टाका घालायचा आणि आपलाच तांदूळ आपल्या पोत्यात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही बाबांची शिस्त. भाऊ आणि मी कोंड्यात शिंकत उभे असायचो. गिरणीवाला म्हणायचा, "काकाजी, लेकरं कायले उभी ठेवली जी? मी का तुमचा तांदूळ खाऊन राहिलो?" बाबा हसायचे, पण आम्हाला हलू द्यायचे नाहीत.

मागच्या वर्षी कॉम्प्युटर बंद पडला. भाऊनं तो रूपचंदकडे दुरुस्तीला दिला. हायवेलगत रूपचंदचं लहानसं दुकान आहे, ओळख जुनी. तरी देण्याआधी भाऊनं सीपीयूचा डबा उघडून आतल्या रॅमच्या पट्टीवर वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. पोत्याच्या टाक्यासारखाच. रूपचंदनं पॉवर सप्लाय बदलला, दुकानात सगळं चालू करून दाखवलं. घरी आणल्यावर मात्र पंखा फिरायचा आणि पडदा काळाच राहायचा.

भाऊ मला फोनवर म्हणाला, "तिथं चालते, इथं नाही चालत. मधात काय झालं मग? चांगली पट्टी काढली अन् कंडम घातली त्यानं."

"ठिपका?"

"ठिपका आहे. पण ठिपका त्याले नाही लावता येत का?"

मला ते पटलं. रूपचंद घरी आला, तर भाऊनं त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. पुन्हा आला, तेव्हाही तेच. मग बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, भाऊ जिथं बसेल तिथं हेच सांगत राहिला. साकोलीत त्याच्या शब्दाला वजन. कितीतरी लोक त्याच्या हाताखाली शिकलेले. हळूहळू रूपचंदचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ लागलं.

तेरवीनंतर रूपचंद पुन्हा आला. म्हणाला, "ताई, एक डाव मशीन उघडून पाहा. तुमच्यासमोर." माझ्या मनात आलं, आता भाऊ नाही, हा जुनी पट्टी परत घालेल आणि मोकळा होईल. मी म्हटलं, "उघडू. पण तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावत. तुम्हीच खोला जी."

हात मागे बांधून तो दारातच उभा राहिला. मी त्याचे खिसेसुद्धा पाहिले असते, पण वहिनीनं डोळे वटारले. मी पेचकस घेऊन खाली बसले.

"स्क्रू किती आहेत?" त्यानं विचारलं.

"दोन."

"मी चार कसून दिले होते."

हे सांगायला कुणाचं काय जातं, असं मी म्हणणार, तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाली, "दोन माझ्याजवळ आहेत... शिलाईच्या डब्यात."

मग निघालं ते असं. कॉम्प्युटर घरी आला त्याच दुपारी, चालू करायच्याही आधी, भाऊनं तो उघडला होता. पट्टी बाहेर काढून, चष्मा लावून ठिपका पाहिला आणि परत बसवली. खाली पडलेले दोन स्क्रू वहिनीला झाडताना सापडले.

"वहिनी, मग तू बोलली काहून नाही?"

"ते म्हणत, मी खोलला हे कोणाले सांगू नको. नाही तं तो माझ्यावरच ढकलते."

आत पट्टीचं एक टोक किंचित वर राहिलेलं होतं. रूपचंद दारातूनच म्हणाला, "दोन्ही अंगठ्यांनी दाबा ताई. कट् वाजलं पाहिजे." दाबलं. वाजलं. बटण दाबताच पडदा उजळला. तरी मी वहिनीची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि ठिपक्याचा रंग तिच्याशी जुळवून पाहिला. जुळला. आणि पट्टी कंडम असती, तर नीट दाबल्यावरही पडदा उजळला नसता; ती अर्धवट राहिली ती घरी, भाऊनं काढून परत बसवताना.

रूपचंद हसला नाही. एवढंच म्हणाला, "सरांनी जिथं जिथं सांगितलं, तिथं तुम्ही सांगान का?"

मी टपरीवर गेले. तिथं भाऊचा एक जुना विद्यार्थी होता. म्हणाला, "जाऊ द्या ना आत्याबाई. गेलेल्या माणसाचं कायले काढता? सर का खोटं बोलतीन?" दुसऱ्यानं चहा फुंकत विचारलं, "रूपचंदनं काय फुकटात नवा कॉम्प्युटर देल्ला का तुमाले?" सगळे हसले. भाऊचा संशय तिथं सहज खपला होता. मी आणलेला पुरावा घ्यायला कुणी तयार नव्हतं.

म्हणून इथं लिहिते आहे. माझा भाऊ खोटं बोलला नाही. त्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं, आणि ते चूक होतं. रूपचंदनं पट्टी बदलली नव्हती. साकोलीतल्या लोकांनी हे वाचावं, आणि ज्यांनी भाऊकडून ऐकलं होतं त्यांनी पुढेही सांगावं.

कॉम्प्युटर भाऊच्या खोलीतच आहे. वहिनीला त्यावर काही करता येत नाही. तरी रोज सकाळी देवपूजा झाली, की ती तो सुरू करते, पडदा उजळेपर्यंत समोर उभी राहते आणि मग बंद करते. कायले, म्हणून विचारलं, तर म्हणते, "पाहून घेतलेलं बरं असते."