अर्धवट उभी

कॉलेजच्या सभागृहात नोकरीच्या मुलाखती सुरू व्हायच्या होत्या. कंपनीचे साहेब माईकवरून म्हणाले, "ज्यांच्या शिक्षणात खंड पडलाय, त्यांनी उभं राहावं." असं चारचौघांत विचारतात का कुणी! पाच-सहा मुलं मान खाली घालून उठली. माझी विद्यार्थिनी अश्विनी मात्र अर्धवटच उठली. गुडघे वाकलेले, हातांनी बाक घट्ट धरलेला.

"सर, डिप्लोमानंतर दोन वर्षं मी कारखान्यात लेथ मशीनवर काम केलं, मग डिग्रीला आले. तो खंड धरायचा का?"

कुणी बारावीनंतर सरळ इथवर येतं, कुणी वाटेत उतरून, कमावून पुन्हा चढतं. पेपर सगळे एकच लिहितात. तरी नोकरीच्या दारात मागची वाट विचारली जातेच. मशीनसमोर गेलेली वर्षं रिकामी कशी?

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "धरायचा."

अश्विनीने बाक सोडला आणि ती ताठ उभी राहिली. लेथसमोर तिने अख्ख्या पाळ्या अशाच काढल्या होत्या. उभं राहणं तिला नवं नव्हतं.