वेखंडाचा गुण
मुखेडच्या बाजारात वेखंडाचा वास आला, की अजूनही माझी मान खाली जाते. मुलगी चार वर्षांची होऊनही बोलत नव्हती. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम सांगितला होता. जबरदस्ती करू नका, तिच्या कलानं घ्या, असंही बजावलं होतं. पण सासूबाई सहाणेवर वेखंड उगाळत म्हणाल्या, “जीभ जड हाय पोरीची. धर तिला, जिभंला चोळते.” साध्या स्पर्शानंही शहारणारी ती पोर किंचाळत राहिली आणि मी रोज तिचे हात आवळून धरत राहिले. एका सकाळी सहाणेची घासघास ऐकताच ती माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, “नको.” “बोलली गं! लई गुण आला वेखंडाचा,” म्हणत सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. चिमूटभर माझ्याही हातावर ठेवली. ती मी खाल्ली, आणि ती मला गोड लागली होती.